भरणा खिडकी

मोताळा, १२ एप्रिल २०२४

चि. अश्वजित,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तू म्हणतोस फोन कर. माझ्या टेबलावर फोन वाजला की समोरच्या बाकावरच्या तीन बाया कान देऊन बसतात. शिवाय फोनवर बोललेलं फायलीत लागत नाही. एकोणतीस वर्षं या महिला पतसंस्थेचं आवक-जावक रजिस्टर सांभाळलं, आता मॅनेजर होऊन निवृत्तीला एक वर्ष उरलं असताना सवय कुठे मोडू? तुझ्या पत्रालाही आवक क्रमांक पडणार आहे. हसू नकोस.

विचारायचं ते असं. आपल्या संस्थेच्या अकराशे चाळीस सभासद बाया. कर्जं वाटून उरलेले पंचेचाळीस लाख आपण दुसरीकडे मुदत ठेवीत ठेवतो आणि ते सगळे ‘काचवाली’त आहेत. हायवेवरची निळ्या काचांची तीन मजली इमारत तुला आठवत असेल. लहानपणी तिच्या थंड हवेसाठी तू माझ्यासोबत यायचास. त्या संस्थेचं खरं नाव लांबलचक आहे, ते पावतीखेरीज कोणी घेत नाही. मार्चच्या मीटिंगमध्ये संचालक अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, “सुवर्णा, सगळ्या बायांचे सगळे पैसे एकाच घरी काऊन ठेवले वो? त्या घरी काई झालं तं?” मी तो प्रश्न इतिवृत्तात तसाच लिहून घेतला.

बँका आणि विमा कंपन्या कशा बुडतात यावर तू संशोधन करतोस असं दादा गावभर सांगतो. मग आत्याला सांग, काय करावं?

तुझी
सुवर्णा आत्या

---

पुणे, २१ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

बाबा थोडं चुकीचं सांगतात. बँक कशी बुडते, हा माझा विषय नाही. एक बुडाली की तिच्यामागे चांगली चाललेली दुसरी का बुडते, हा आहे. संस्था एकमेकींकडे पैसे ठेवतात, एकमेकींच्या भरवशावर असतात, आणि तपासणारा मात्र एकेक फाईल वेगळी तपासतो. विम्यातही तसंच. एक कंपनी आपली जोखीम दुसरीला विकते, दुसरी तिसरीला, आणि कधी कधी तीच जोखीम फिरून पहिलीच्या दारात येते. तोवर तिला वाटत असतं की आपण मोकळ्या झालो. माझे गाइड भालचंद्र सर म्हणतात, या विषयात सगळे शहाणे असतात आणि म्हणूनच भानगड होते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. अन्नपूर्णाबाई बरोबर आहेत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पैसे एका ठिकाणी ठेवू नकोस. जुन्या, लहान, ओळखीच्या तीन संस्था बघ आणि पंधरा-पंधरा लाख वाटून टाक. एकीला काही झालं तरी दोन उभ्या राहतील.

पेपर तपासता तपासता लिहितोय, म्हणून अक्षर असं. तुझ्या हातच्या ज्वारीच्या भाकरीची आठवण येते. इथे मेसवाला ज्वारी म्हणून काय थापतो ते त्यालाच ठाऊक.

तुझा
अश्वजित

---

मोताळा, ३० जून २०२४

चि. अश्वजित,

तुझं काम फत्ते केलं. तुझ्या पत्राची झेरॉक्स मी मीटिंगच्या कागदांना जोडली. संचालक बायांना वाचून दाखवली. विम्याचा भाग कोणाला कळला नाही, पण ‘तीन ठिकाणी’ हे सगळ्यांना कळलं. ठराव क्रमांक सात, सर्वानुमते. इतिवृत्तात लिहिलंय, ‘पुणे येथील अभ्यासक अश्वजित यांच्या लेखी सल्ल्यानुसार’. दादाला दाखवलं तर त्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं.

काचवालीतून पैसे काढताना तिथला साहेब म्हणाला, “मॅडम, आमच्याकडून काही चुकलं का?” मी म्हटलं, चुकलं काही नाही, पोराने सांगितलंय. पैसे दोन दिवसांत दिले हो, उगाच कशाला खोटं बोलू.

पंधरा लाख पिंपळगाव राजाला तुळशीरामभाऊंच्या संस्थेत. पंधरा धामणगावला कारभारीभाऊंकडे. पंधरा चिखलीला, तिथला मॅनेजर शेखर, माझ्यासोबत ट्रेनिंगला होता तो. तिघंही सरळ माणसं. तिघांनी चहा पाजला. शेखर म्हणाला, “ताई, तुमी आमच्यावर भरोसा टाकला, आता आमाले रातीले झोप नाई.” गंमत करतो नेहमी.

मला मात्र शांत झोप लागते आहे.

सुवर्णा आत्या

---

पुणे, २२ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

माझ्या घरच्या पत्राची झेरॉक्स ठरावाला जोडशील असं वाटलं नव्हतं. मी ते पत्र ज्या घाईने लिहिलं होतं ती घाई आता आठवते.

एक काम आहे. पिंपळगाव, धामणगाव आणि चिखली या तिन्ही संस्थांचे यंदाचे छापील वार्षिक अहवाल मिळव. सप्टेंबरात आमसभा होतात, तेव्हा सभासदांना वाटतात. तू ठेवीदार आहेस, मागितलेस तर तुला कोणी नाही म्हणणार नाही. कारण विचारू नकोस. शक्य तितक्या लवकर मिळव.

तब्येत जप.

अश्वजित

---

मोताळा, २७ सप्टेंबर २०२४

चि. अश्वजित,

तुझं पत्र फारच कोरडं होतं. मी दादाला म्हटलं, पोरगं आजारी तर नाही?

अहवाल मिळाले. पिंपळगावचा लगेच मिळाला. धामणगावचा छापखान्यातच अडकला होता, कारभारीभाऊंनी ओला असतानाच दिला, पानं एकमेकांना चिकटलीत. चिखलीसाठी आमसभेला जाऊन बसले, जेवणाचा डबा घेतला, सत्कारात नारळही मिळाला. तिन्ही अहवाल या पत्रासोबत स्पीड पोस्टाने पाठवते आहे. मी काही उघडून बसले नाही. आपल्याच ऑडिटच्या कामात बुडाले आहे. तुझ्या प्रबंधाला उपयोगी पडतील तर पडोत.

आपल्या अंबूबाई तुझी चौकशी करत होत्या. त्याच, बारा बायांची भिशी चालवणाऱ्या. दोन म्हशी विकून त्यांनी एक लाख ऐंशी हजार आपल्याकडे ठेवलेत, जानेवारीअखेर मुदत संपते. दोन खोल्यांवर स्लॅब टाकायचा आहे. दर आठवड्याच्या बाजाराला येऊन मला पावती दाखवतात आणि परत पिशवीत ठेवतात. मी म्हणते, “बाई, पावती मीच देली ना तुमाले.” तर म्हणतात, “म्हनूनच दाखवून राह्यली. तू इसरशीन.”

सुवर्णा आत्या

---

पुणे, ३ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

तिन्ही अहवाल जसेच्या तसे परत पाठवतोय. मला ते नको होते. तू वाचायला हवे होते, आणि हे मी सरळ लिहिलं नाही ही माझी चूक.

आता सरळ लिहितो. संशोधनासाठी मला जिल्ह्यातल्या चौसष्ट संस्थांची जूनअखेरची माहिती मिळाली आहे. नावं काढून क्रमांक दिले आहेत, आणि त्यातलं एक अक्षरही बाहेर सांगणार नाही अशी सही मी केली आहे. ती मी मोडणार नाही. मोडली तर उद्या कुठलीही संस्था कुठल्याही अभ्यासकाला माहिती देणार नाही. पण छापून वाटलेला अहवाल कोणीही वाचू शकतं.

तिन्ही अहवालांत ‘गुंतवणूक’ नावाचं परिशिष्ट शोध. पिंपळगावचं पान अकरा, चिखलीचं पान चौदा. धामणगावचं तुला चिकटलेली पानं सोडवून बघावं लागेल. तिन्ही पानं एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेव.

आणि वाचून झाल्यावर माझ्यावर रागाव. पण आधी संस्थेचे पैसे सोडव. तू ते गाजावाजा न करता काढून घेऊ शकतेस. तो तुझा हक्क आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. जो आधी निघतो तो वाचतो, आमचा सगळा अभ्यास हेच सांगतो.

अश्वजित

---

मोताळा, २० ऑक्टोबर २०२४

चि. अश्वजित,

तीन पानं टेबलावर मांडली. तिन्हींत काचवाली. तुळशीरामभाऊंचे बावीस लाख, कारभारीभाऊंचे पस्तीस, शेखरचे साठ. दीड टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून. म्हणजे मी जिथून पैसे काढले, तिथेच ते तीन रस्त्यांनी परत गेले. आधी मला माहीत तरी होतं ते कुठे आहेत.

राग आला. तुझ्यावर आला, मग माझ्यावर. मी तिघांच्या हातचा चहा प्यायले, पण तुम्ही पैसे कुठे ठेवता हे एकालाही विचारलं नाही. ओळखीच्या माणसाला असं विचारणं बरं दिसत नाही ना आपल्यात.

दोन दिवस तुझ्या म्हणण्यावर विचार केला. पावत्या मोडून गुपचूप निघायचं. पंचेचाळीस लाख, अकराशे चाळीस बाया. मॅनेजर म्हणून तेच बरोबर होतं. पण मी तुळशीरामभाऊंकडून पंधरा काढले की त्यांच्याकडे रोख उरत नाही. ते काचवालीकडे धावतील, त्यांना पाहून बाकीचे धावतील. पिंपळगावच्या संस्थेत हमाल आणि शेतमजूर यांचे पैसे आहेत. त्यांच्या दारात मी काय टाकून निघणार होते?

म्हणून मी तिघांना चिखलीला शेखरच्या ऑफिसात बोलावलं आणि पानं समोर ठेवली. तुझं नाव घेतलं नाही. सगळं छापलेलंच होतं. तिघांनी आपापलं पान सोडून दुसऱ्याचं वाचलं. मग कारभारीभाऊ म्हणाले, “ताई, तुमाले व्हय म्हनून सांगतो, मले शंका येऊन राह्यली होती.” शेखर उसळला, “मंग सांगतलं काऊन नाई बे?” “तू तरी सांगतलं काय?” अर्धा तास तेच.

शेवटी मी अंबूबाईंची भिशी काढली. बायांच्या भिशीत चिठ्ठ्या उडवतात, पण एखादीच्या घरी दवाखाना असला तर पहिला नंबर तिला देतात. आणि पहिला नंबर घेतलेली बाई शेवटचीचा नंबर लागेपर्यंत हप्ता भरते. वीस वर्षांत कोणी पळालं नाही. तसंच करू म्हटलं. सगळ्यांनी एकदम गेलात तर काचवाली त्याच दिवशी शटर ओढेल. मुदत संपेल तसं एकेकाने काढायचं. सगळ्यात लहान आधी. तुळशीरामभाऊ पहिले, कारभारीभाऊ दुसरे, शेखर तिसरा. मी चौथी. तोवर मी कोणाचीही पावती मोडणार नाही. आणि मधेच काचवाली अडली, तर जे निघाले त्यांनी अडलेल्याला प्रत्येकी पाच लाखांची ठेव देऊन उभं ठेवायचं. शाळेच्या वहीच्या पानावर लिहिलं, चौघांनी सह्या केल्या.

तिथून निघून बुलढाण्याला सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात गेले. सगळ्या फायली एकत्र वाचा असा अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, “प्रत्येक संस्था कागदावर नियमात आहे, ताई.” मी म्हटलं, तेच तर लिहिलंय. अर्जाची पोच मिळाली, ती फायलीला लावली.

सुवर्णा आत्या

---

पुणे, २९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आत्या, वहीच्या पानाला कोर्टात काडीची किंमत नाही. पहिला निघालेला माणूस मागे वळून का बघेल? त्याला तेव्हा स्वतःच्या ठेवीदारांची भीती असेल. आमच्या गणितात तो कधीच वळत नाही. भालचंद्र सरांना मी नावं न घेता विचारलं. ते म्हणाले, “असं वागणं गृहीत धरता येत नाही.” त्यांनी एक चांगली गोष्ट केली. कोणाचे पैसे कोणाकडे आहेत हे बाणांनी दाखवणाऱ्या आमच्या नकाशाचं टिपण त्यांनी नियामकांकडे पाठवलं. एकाच घराकडे इतके रस्ते जातात हे त्यांना तरी दिसावं. क्रमांकांमागची नावं त्यांच्याकडे आहेतच.

तुला एक सांगायचं राहिलं. नकाशात मला तू ऑगस्टमध्येच सापडलीस. एकाच आठवड्यात पंधरा, पंधरा, पंधरा असे तीन बाण निघालेले, क्रमांक तेवीस. आणि तिन्ही बाण पुढे एकाच वर्तुळात. ते बाण मीच काढून दिले होते. त्यानंतर कित्येक दिवस मी नकाशा उघडला नाही.

अजून वेळ आहे. तू आधी निघ.

अश्वजित

---

मोताळा, १० जानेवारी २०२५

चि. अश्वजित,

थोडक्यात लिहिते. नोव्हेंबरात तुळशीरामभाऊंचे बावीस लाख निघाले. डिसेंबरात कारभारीभाऊंचे पस्तीस. शेखरची मुदत काल, नऊ तारखेला होती. सहा तारखेला काचवालीच्या दारावर कागद लागला, ‘संगणक प्रणालीच्या कामामुळे व्यवहार काही दिवस बंद’. आत दिवे चालू आहेत, माणसं दिसतात, दार उघडत नाहीत.

शेखरचे साठ लाख अडकले. त्याच्याकडे माझे पंधरा. चिखलीच्या बाजारात कुजबुज सुरू झाली आहे. कारभारीभाऊंचा फोन दोन दिवस लागत नाही.

मला एकच गोष्ट लिहून दे. शेखरची संस्था बुडीत आहे का? अहवालाची झेरॉक्स परत पाठवते आहे. मला गणित सांगू नकोस. हो किंवा नाही सांग, आणि का ते दोन ओळींत.

सुवर्णा आत्या

---

पुणे, १४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जय भीम.

नाही. बुडीत नाही.

साठ लाख पूर्ण गेले असं धरलं तरी त्यांचा राखीव निधी पंच्याऐंशी लाखांचा आहे, आणि कर्जांची वसुली चांगली आहे. त्यांच्याकडे आज रोख कमी आहे, एवढंच. पण आत्या, रांग लागली तर न बुडालेली संस्थाही बुडते. रांगेतल्या माणसाला अहवालाचं पान चौदा कोणी दाखवत नाही. त्याला फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसते.

एप्रिलमध्ये मी पेपर तपासता तपासता उत्तर लिहिलं होतं. या वेळी पत्र मिळाल्यापासून दोन दिवस दुसरं काही केलं नाही. सगळी पानं बघितली, टिपाही बघितल्या. भालचंद्र सरांकडून तपासून घेतलं. हे छापील अहवालावरून लिहितोय, माझ्याकडच्या माहितीवरून नाही. या पत्राची झेरॉक्स कुठेही जोडलीस तरी चालेल.

मात्र याच्या जोरावर तू काही करायला जाऊ नकोस. मी अहवाल वाचू शकतो. माणसं उद्या काय करतील ते मला वाचता येत नाही.

अश्वजित

---

मोताळा, २ फेब्रुवारी २०२५

चि. अश्वजित,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र अठरा तारखेला मिळालं, आवक क्रमांक एकेचाळीस. वीस तारखेला, सोमवारी, सकाळी शेखरचा फोन आला. म्हणाला, “ताई, रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर गेली.” एवढंच बोलला. गंमत केली नाही, तेव्हाच मी समजले.

मी आधी आपल्या बँकेत गेले. निवृत्तीनंतरसाठी माझे स्वतःचे दोन लाख होते, ते काढले. संस्थेचे नाहीत. संस्थेच्या पैशाला मी हात लावला नाही, तो माझा नव्हता. तू मला काही करू नकोस असं लिहिलं होतंस, ते वाचलं होतं. पण ‘बुडीत नाही’ ही ओळही तूच लिहिली होतीस.

साडेअकराला चिखलीत उतरले. शंभर-सव्वाशे माणसं होती. कोणी पासबुकाने वारा घेत होतं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन सगळ्यांना विचारत होती, “शंभर रुपये वाल्याईले बी देऊन राह्यले काय?” एकजण ओरडत होता, “पाच लाखाचा इमा हाय, घाबरू नका बे!” त्याला दुसरा म्हणाला, “तो बँकीत असते, भाऊ. इथं नाई.” त्यावर रांग अजून पुढे सरकली.

मी जिना चढू लागले तर एका म्हाताऱ्याने काठी आडवी घातली. “ओ बाई, रांगेत या.”
“मले काढाचे नाईत, बाबा. मले भराचे आहेत.”
“काय?”
“भरणा खिडकी कोणती आहे?”

त्याने काठी खाली घेतली. मागच्याने विचारलं, काय म्हणते? “भराले आली म्हनते.” “येडी हाय काय?” “नाई बे, मोताळ्याच्या महिला पतसंस्थेची मॅनेजर हाय ते. माही बहीण तिथं खातेदार हाय.” माझ्या कानावर सगळं येत होतं. मी पिशवी छातीशी धरून वर चढले.

भरणा खिडकीवर कोणीच नव्हतं. आतल्या मुलीने स्लिप दिली. मी मुद्दाम हळू हळू भरली. नोटा मोजायला दोन मिनिटं लागली आणि त्या दोन मिनिटांत जिन्यावरचा आवाज बंद झाला होता. पावती घेऊन मी वळले. काठीवाल्या बाबाने हात पुढे केला. मी पावती दिली. त्याने लांब धरून वाचली आणि म्हणाला, “तुमाले काई माईत आहे काय, बाई?”

मी तुझं पत्र पिशवीतून काढलं आणि जिन्यावर उभी राहून मोठ्याने वाचलं. ‘नाही. बुडीत नाही’ पासून ‘पुढच्या माणसाची पाठ दिसते’ पर्यंत. ते वाचलं तेव्हा रांगेतले दोघं-तिघं हसले. मग शेखर आतून आला आणि त्याने अहवालाचं पान चौदा आणि राखीव निधीचं पान भिंतीला चिकटवलं. त्याने लपवलं नाही. साठ लाख अडकलेत हेही त्याने सांगितलं. “ज्याले पायजे त्याले देतो. सगळ्याईले एकाच दिवशी नाई देऊ शकत. महिन्याभरात देतो.”

काही माणसं गेली. सगळी नाही. पाऊण वाजता जिन्यावर ओळखीचं पांढरं धोतर दिसलं. तुळशीरामभाऊ. पिंपळगावहून जीपने आले होते, सोबत त्यांचा एक संचालक आणि पाच लाखांचा चेक. त्यांच्या स्वतःच्या दारात सकाळी माणसं आली होती, तरी आले. त्यांनीही मोठ्याने विचारलं, “भरणा खिडकी कोणती हो?” बहुतेक त्यांना जीपमध्ये कोणीतरी सांगितलं असावं. मी म्हटलं, भाऊ, वहीच्या पानावर सही करायच्या आधी तुम्ही ते तीनदा वाचलं होतं. ते म्हणाले, “तवा तीनदा वाचलं म्हनूनच आज आलो.”

चार वाजता रांग जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत उरली होती.

कारभारीभाऊ आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी त्यांचा माणूस दीड लाखाचा चेक घेऊन आला. ठरलं होतं त्याच्या निम्माही नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘ताई, घाबरलो होतो.’ मी चिठ्ठी फायलीला लावली. तुझ्या सरांना सांग, निघालेल्या दोघांतला एक पूर्ण वळला, एक अर्धा. गृहीत धरू नका म्हणाले ते बरोबरच आहे. पण शून्यही धरू नका.

काचवालीवर आता प्रशासक बसलाय. तुझ्या सरांच्या टिपणामुळे की माझ्या अर्जामुळे की आपोआप, कोणी सांगत नाही. तिथे ज्यांचे अडकले त्यांना वर्षं लागतील. त्यातल्या दोन संस्थांच्या मॅनेजर बाया माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना मी चिखलीच्या त्या बैठकीला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर बातमी फुटली असती असं तेव्हा वाटलं. आजही तसंच वाटतं, पण समोरून येताना दिसल्या की मी रस्ता बदलते.

शेखरने आपल्या पंधरा लाखांपैकी चार दिले. उरलेले दर महिन्याला देणार. तुळशीरामभाऊ आणि कारभारीभाऊ यांच्याकडचे पंधरा-पंधरा मुदतीला मिळतील. बायांचं काम अडलेलं नाही.

परवा, शुक्रवारी, अंबूबाईंची मुदत संपली. दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसल्या होत्या. पावती माझ्यासमोर ठेवली. मी एक लाख ऐंशी हजार आणि व्याज मोजून दिलं. त्यांनी बोटाला थुंकी लावून दोनदा मोजलं. मग म्हणाल्या, “शेखरच्या खिडकीत तूनं सोताचे भरले म्हंतात. खरं काय?”
“हो.”
“परत भेटतीन?”
“भेटतीन.”
“मंग ठीक आहे.” नोटा पिशवीत घातल्या, पिशवी पदरात घातली आणि गेल्या. मला क्षणभर वाटलं होतं, थोडे परत ठेवतील, मला धीर द्यायला. नाही ठेवले. सिमेंट येऊन पडलंय म्हणाल्या. त्यांनी मागितले आणि त्यांना मिळाले. एकोणतीस वर्षं मी याच कामासाठी त्या खुर्चीवर बसले, हे त्या गेल्यावर मला कळलं. स्लॅबच्या दिवशी जेवायला बोलावलंय, तूही ये.

मार्चअखेरीला चार्ज देते. माझ्या जागी येणारी मुलगी हुशार आहे, बी.कॉम., कॉम्प्युटर चांगला येतो. फायली लावताना तुझं एप्रिलचं पत्र हाती आलं, ‘तीन ठिकाणी वाटून टाक’ वालं. ठरावाच्या झेरॉक्समधून ते काढून घ्यावं असं मनात आलं. नाव तुझं आहे, पुढे कोणी बोट दाखवेल म्हणून.

काढलं नाही. त्याच्यामागे जानेवारीचं लावलं आणि दोन्हींना एकच पिन मारली. त्या मुलीला सांगितलं, पैसे कुठे ठेवायचे हे ठरवायच्या दिवशी ही दोन्ही पत्रं वाच, आणि मग ज्याच्याकडे ठेवणार आहेस त्याला विचार, तू कुठे ठेवतोस म्हणून. चहा झाल्यावर विचार, पण विचार.

तुझी
सुवर्णा आत्या